कडबा मोजायचा राहिला

आमच्या धाकट्या मामांइतका संतापी माणूस लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत दुसरा झाला नाही. ते लातुरात एका शिकवणीच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत. भूकंपानंतर स्लॅबवरचा त्यांचा विश्वास उडाला. घरी ते अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपत, पण क्लास नेमका तिसऱ्या मजल्यावर; त्यामुळे रोज जिना चढताना तो बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. वरणात मीठ कमी पडलं तर मामींवर न चिडता ते सरकारवर चिडत. "डॉक्टर व्हायला निघालाव, आन् भेंडीचं फूल वळखंना!" असं पोरांना झापत आणि पोरं त्यांच्यावर जीव टाकत. एसटीला उशीर झाला की कंडक्टर त्यांना पाहून आधीच हात जोडायचा.

असा माणूस आयुष्यात एकदाच कुणावर तरी खूश झाला, आणि तिथंच घात झाला. देवणीजवळच्या आमच्या आजोळी एक परदेशी कंपनी आली. बियाणं तिचं, तेलगिरणीही तिचीच. गावानं फक्त सगळ्या रानात सोयाबीन पेरायचं. मामांनी स्वतः माइक हातात घेऊन मारुतीच्या पारावरून गावाला उत्पादकता समजावली. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे मामा, गर्दीतून एवढंच म्हणाले, "बापू, ज्वारी न्हाई पेरली तर बैलाला कडबा कुठला?"

"दादा, जग कुठं चाललंय, आन् तुमी कडब्याचं काय घेऊन बसलाव!" मामा कडाडले. गावानं ऐकलं. सरांचा शब्द होता.

एकरी उतारा वाढला, खोटं कशाला बोलू? पण उन्हाळ्यात कडब्याची पेंढी औषधाला मिळेना आणि सोयाबीनच्या भुसकटाला बैल तोंड लावेनात. घरच्याच गाईची, हातानं वाढवलेली देवणी बैलजोडी मोठ्या मामांनी बाजारात नेली आणि नुसती दावी घेऊन परत आले. त्याच सुमारास कंपनीचा गोरा साहेब गावाचं कौतुक करायला आला. मामा मांडवात उठून उभे राहिले. इंग्रजी येत असूनही संतापात तोंडातून मराठीच आली, "दाणा मोजलाव, जनावराच्या तोंडचा घास कुठं मोजलाव?" दुभाष्यानं काहीतरी गोड सांगितलं असणार, कारण साहेबानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या की आजही माझं डोकं फिरतं.

पुढं कंपनीला दुसऱ्या कुठल्याशा देशात स्वस्त सोयाबीन सापडलं आणि गिरणीला कुलूप लागलं. गुंतवणूक म्हणे! पाहुणा भरपेट जेवून गेला, खरकटं काढायला घरचे. जाब विचारायचा तर कोणत्या गावी जायचं, हेसुद्धा कुणाला ठाऊक नाही. ज्वारी पुन्हा पेरायची म्हटलं तरी नांगराला बैल कुणाच्या दारात उरलेत?

मामा हल्ली कुणावर ओरडत नाहीत. पोरं म्हणतात, सर बरे आहेत ना? दर रविवारी ते आजोळी जातात आणि रिकाम्या गोठ्यासमोर भावाजवळ बसून राहतात. परवा मीही सोबत होतो. मामा हळूच म्हणाले, "दादा, एकदा तरी मला शिव्या द्या."

मोठ्या मामांनी तांब्या पुढं सरकवला.

"उन्हाचा आलास बापू. आधी पाणी पी."