मागच्या ब्रेकवरचा टॅग

माझ्या धाकट्या भावाने सायकलच्या मागच्या चाकाला लाल टॅग बांधला होता. तो चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता आणि हा टॅग त्याने तिथूनच आणला होता. ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ असं छापलेलं, खाली त्याच्या अक्षरात त्याचं नाव.

सायकल माझी. जाड टायरची, गिअरची. डिस्क ब्रेक होते, पण तारेचे. संधिवाताने माझी बोटं आखडायला लागली, तेव्हा पुनावळ्याच्या पुलाकडे उतरताना ब्रेक दाबणं जड जाऊ लागलं. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानेच पाहिलं.

“दादा, तुझी बोटं पुस्तकाची पानं उलटायच्या कामाची,” तो म्हणाला. “तुला ऑइलचे ब्रेक बसवतो. एका बोटानं गाडी थांबेल.”

गुरुवारी त्याला सुट्टी असे. त्या गुरुवारी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून त्याने पुढचा ब्रेक बसवला. नळी मापाने कापली, सिरिंजने तेल भरलं, टिचक्या मारून हवेचे बुडबुडे वर काढले. मी शेजारी खुर्चीत वाचत बसलो होतो. त्याने दोनदा हाक मारली, “बघ तरी.” मी मान वर केली आणि पुन्हा पुस्तकात घातली. अंधार पडला तेव्हा मागचा ब्रेक राहिला होता. त्याने टॅग बांधला आणि म्हणाला, “आता पुढच्या गुरुवारपर्यंत चालवायची नाही.”

शनिवारी पहिल्या शिफ्टला जाताना कंपनीच्या बसमध्येच त्याचं हृदय बंद पडलं.

तीन महिने सायकल तशीच उभी होती. भावजय तिच्याभोवतीनं झाडू मारायची. मला ती एकदाच म्हणाली, “दादा, ते काम पुरं करून घ्या. ह्यांनी तुमच्यासाठी काढलं होतं.” मी हो म्हणालो आणि काही केलं नाही. पुढचा ब्रेक त्याच्या हातचा होता. मागचा दुसऱ्या कुणी बसवला की त्याचं काम संपणार, आणि ते संपलेलं मला नको होतं.

शेवटी तिनेच त्याच्या शिफ्टमधल्या जोडीदाराला बोलावलं. चाकणजवळच्या गावचा माणूस, भावाच्याच वयाचा. हत्यारांची पिशवी घेऊन आला, सायकलजवळ वर्तमानपत्र पसरून बसला आणि टॅग पाहून त्याने हात मागे घेतला.

“ह्यो मला काढता येत न्हाई, दादा.”

“का?”

“ज्यानं लावला त्यानंच काढायचा. कंपनीत तसंच हाय. माणूस मशिनीत असतो, दुसरा कुणी बटण दाबतो. म्हणून.”

“आणि तो टॅग काढायचा विसरून घरी गेला तर?”

“लई जण जातात. तुमचा भाऊ तर दोनदा गेलावता, आमी शिव्या घातल्या.” तो हसला, मग थांबला. “आधी त्याला फोन लावायचा. न्हाई लागला तर सगळी शेड हिंडून बघायची. न्हाईच सापडला, तर टॅगच्या मागं लिहायचं, माणूस आत नाही. खाली दोघांच्या सह्या. मग कापायचा.”

त्याने टॅग उलटा केला. मागची बाजू कोरी होती. गुडघ्यावर टेकवून त्याने सही केली, वरची जागा मोकळी सोडली आणि पेन माझ्याकडे दिलं.

दाखला, बँक, विमा, सगळीकडे मी ‘मयत’ लिहून आलो होतो. तो अर्जातला शब्द होता, रकाना होता म्हणून भरला. इथे रकाना नव्हता.

भावजय दारात उभी होती. “पेन चालत नाही का?”

“चालतंय.”

मी लिहिलं. तीन शब्दांना बराच वेळ लागला. मी सही करण्याआधी जोडीदाराने हळूच विचारलं, बहुधा सवयीनेच, “सगळीकडं बघितलं ना, दादा?”

“बघितलं,” मी म्हणालो आणि सही केली.

त्याने टॅगचा दोरा कापला, टॅग माझ्या हातात दिला आणि मागच्या ब्रेकची तार सोडवायला घेतली. मी या वेळी खाली, वर्तमानपत्रावर, त्याच्या शेजारी बसलो.