भरती का ओहोटी

पनवेलच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर, मिठागरात राबलेले एक बाबा होते. पायावरची जखम वर्षानुवर्षं भरत नव्हती. आता भरली नाही तर पाय जाणार होता. डॉक्टर त्यांचंच रक्त काढून यंत्रात फिरवत आणि वर आलेलं पिवळं पाणी जखमेवर सोडत.

“माझाच पानी, माझ्याच आगरात!” बाबा खिदळत. पट्टी सुटताना मात्र छताकडे बघत मला विचारत, “बोल रं, भरती का ओहोटी?”

मी जखमेकडे न बघताच गणपतीतल्या नाटकांत कमावलेल्या आवाजात गर्जत असे, “भरतीऽऽ!” सगळ्या खाटा हसत.

एकदा पट्टी सुटली आणि मी चुकून बघितलं. आत हाड दिसत होतं.

“बोल रं.”

मी माझी उशी सारखी करू लागलो.

“रोज खोटा बोलतंस,” बाबा छताकडेच बघत म्हणाले, “मंग आज काय झाला रं?”