दिसत तर काहीच नाही

हात मोडला तर माणसाकडे एकच किस्सा असतो आणि तो जन्मभर तोच सांगत बसतो. डोक्याला मार लागला की किस्से ढिगाने जमतात, पण सगळे दुसऱ्यांकडे! आपण काय केलं हे आपल्यालाच आठवत नाही. मंडळी सांगतात, आपण ऐकायचं आणि त्यांच्याबरोबर हसायचं. माझ्या डोक्याचे किस्से असेच आमच्या कबड्डीच्या टीमकडे जमा आहेत. इथे जबलपुरात, फॅक्टरीच्या मैदानावर, प्रॅक्टिस संपून चहा आला की कोणीतरी सुरुवात करतोच. म्हटलं, एकदा आपणच सांगून टाकावेत. निदान तिखटमीठ तरी आपल्या हातचं राहील.

टीम म्हणजे कोण, तर आमचा कॅप्टन धोटे, माझा जोडीदार मुन्ना बारापात्रे, मी आणि बाकी यादव-पटेल मंडळी. शिवाय माझे बाबा. त्यांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण ही टीम त्यांनी मातीत उभी केलेली. त्यामुळे लाइनीच्या बाहेर त्यांची खुर्ची असतेच. मी कबड्डी शिकलो ती त्यांच्याकडून, आणि अजूनही चांगली पकड झाली की माझी मान आधी त्या खुर्चीकडे वळते.

*

मी लेफ्ट कॉर्नर, मुन्ना माझ्या शेजारी. आमची साखळी, म्हणजे हातात हात घालून रेडरला घेरायचं. तोंडाने बोललं तर रेडर सावध होतो, म्हणून सगळं बोलणं हातानेच. मुन्नाने एकदा हात दाबला तर थांबायचं, दोनदा दाबला तर झेप घ्यायची. त्या दिवशी मॅचमध्ये त्याने दोनदा दाबला. आम्ही दोघं झेपावलो, रेडर मधून निसटला आणि माझं डोकं मुन्नाच्या गुडघ्यावर आदळलं.

पुढचं ऐकीव आहे. मी म्हणे उठलो, चड्डी झटकली आणि शांतपणे चालत समोरच्या टीमच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. नुसता उभा राहिलो नाही, त्यांच्या कॉर्नरचा हात हातात घेतला! तो कटनीकडचा पोरगा फार अदबशीर. त्याने हात सोडवून घेतला नाही. एवढंच म्हणाला, "भैया, आप शायद उधर के हो."

मी त्यालाच धीर दिला, "टेंशन मत ले. अपन पकड़ लेंगे."

या किश्श्याला सगळे हसतात. बाबाही हसले होते. मुन्ना तेव्हाही हसला नाही आणि आजही हसत नाही.

*

डॉक्टरांनी स्कॅन केला. त्यात काहीच निघालं नाही आणि तिथेच माझी पंचाईत झाली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, मेंदूला धक्का बसलाय, तो फोटोत दिसत नाही. पण होणारा त्रास खरा आहे. आराम करा, हळूहळू बरं वाटेल. बहुतेकांना लवकर वाटतं, काहींना वेळ लागतो. मी त्या काहींमधला निघालो.

अधारतालच्या आमच्या घरी माणसं बघायला येऊ लागली. येणारा आधी माझं डोकं न्याहाळायचा. पुढून, बाजूने, मग मागे जाऊन. टाके नाहीत, पट्टी नाही, टेंगूळही बसलेलं. माणसाचा चेहरा पडायचा. एवढ्या लांबून केळी घेऊन यावं आणि बघायला काहीच नसावं! एक शेजारीण तर दारातून परत जाताना वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, हळूच विचारून गेली, "दीदी, नौकरी का कुछ टेंशन है क्या इनको?"

बाबा हळूच विचारणाऱ्यांतले नव्हते. "दिसत तर काहीच नाही," ते म्हणाले. "आमचं डोकं फुटे तर हळद दाबून पुढची रेड मारत होतो. हा काहून झोपून राहिला?"

मी अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ऐकत होतो. बोलायला गेलो की शब्द सापडत नसत. 'ताट' म्हणायचं असायचं आणि तोंडात काहीच यायचं नाही. स्कूटरवर बसलं की रस्ता एका बाजूला कलायचा. हे सगळं बाबांना कसं दाखवायचं? टीमची, मॅचची मला चिंता नव्हती. पोराला लागलंय, एवढं त्यांनी एकदा म्हणावं, असं मात्र फार वाटायचं.

*

रजा संपली. फॅक्टरीत गेलो तर तिथेही तेच. मशीनच्या आवाजाने डोकं भणभणायचं, मी जरा बाजूला जाऊन बसलो की फोरमनसाहेब म्हणायचे, "क्या पहलवान, सो लिए?"

धोटेने यावर तोड काढली. धोटे कॅप्टन असल्यामुळे त्याच्याकडे कशावरही तोड असते. तो टीमच्या किटमधून गुडघ्याला बांधायची क्रेप पट्टी घेऊन आला आणि माझ्या डोक्याला गच्च गुंडाळली. "जे दिसते तेच खरं असते, भाऊ," तो म्हणाला. "आता पाह्य काय होते ते."

आणि झालंही तसंच. गेटवर दोघांनी वाट दिली. फोरमनसाहेबांनी स्वतः खुर्ची सरकवली, चहा मागवला, वर म्हणाले, "अरे, इतनी लगी थी तो पहले बताना था ना!" पट्टीला घामाचा असा वास येत होता की माझं डोकं त्यानेच जास्त दुखलं. पण त्या दिवशी जबलपुरात मी एक अधिकृत जखमी माणूस होतो.

संध्याकाळी घरी आलो. बाबांनी पट्टी पाहिली, गुडघ्याची म्हणून ओळखली, आणि टीव्हीकडे तोंड फिरवलं. मी ती सोडून ठेवली. पुन्हा बांधली नाही.

*

तपासणीला धोटेच यायचा सोबत. डॉक्टर मॅडम दर वेळी दोन गोष्टी करायला लावत. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं आणि वर्षाचे महिने उलटे म्हणायचे, डिसेंबरपासून मागे. एका पायावर कॉर्नरवाला कसाही उभा राहतो. महिन्यांचं मात्र कठीण. ऑगस्टपर्यंत आलो की पुढे, म्हणजे मागे, सगळं धुकं.

आता धोटेची सवय अशी, की मैदानावर तो बाद होऊन बाहेर बसला तरी तोंड बंद ठेवत नाही. आत खेळणाऱ्याला लाइनीवरून सतत सांगत राहतो. तेच त्याने दवाखान्यात केलं. मी ऑगस्टवर अडखळलो की मागून दबक्या आवाजात, "घाबरू नको, टाइम आहे, टाइम आहे. जुलै घे. जुलै घे!"

मॅडमनी मान वर केली. "आप इनके कौन?"

"कैप्टन," धोटे उभा राहून म्हणाला.

मॅडमनी त्याला बाहेर बसायला सांगितलं. तो गेला. दार लोटलं गेलं. मी पुन्हा सुरुवात केली, ऑगस्टला आलो आणि दाराच्या फटीतून स्पष्ट आवाज आला, "जुलै." पुढच्या तपासणीपासून धोटेला आत-बाहेर कुठेच परवानगी राहिली नाही.

*

घरातला एक वैशालीचा किस्सा. कुकरची शिट्टी झाली की माझ्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. एकदा मी इतका ओरडलो की आमची मुलगी दप्तर टाकून पलंगाखाली शिरली. मी कधी आवाज चढवणारा माणूस नव्हतो. पोरीला बाहेर काढताना मलाच रडू आलं, तेही थांबेना.

दुसऱ्या दिवशी वैशालीने वरणभाताचा कुकर लावला, उचलला आणि शेजारी नेला. तिकडच्या गॅसवर शिट्ट्या होऊन कुकर घरी परत यायचा. गल्लीत भलताच समज पसरला. पटेलांच्या आजी तिला थांबवून म्हणाल्या, "बेटा, सिलेंडर चाहिए तो हमारे यहाँ से ले जा, शरमाना मत."

बाबा जेवणाची वेळ पुढेमागे झाली की कुरकुरणारे. कुकरच्या या वारीवर मात्र ते काहीच बोलले नाहीत.

*

मॅडम म्हणाल्या, रोज चाला. रहदारीत चक्कर यायची, म्हणून मुन्ना सोबत यायचा. त्याने स्वतःच ठरवलं होतं, ड्यूटी सुटली की थेट माझ्या दारात. मला राइट टाउनकडे नेऊन, सावलीच्या रस्त्यांनी फिरवायचा. रस्ता ओलांडताना हात धरायचा आणि पलीकडे गेल्यावर सोडायला विसरायचा. मिशीवाले दोन दांडगे गडी हातात हात घालून चालले आहेत, हे बघून शाळेतून सुटणाऱ्या पोरी फिदीफिदी हसायच्या. मुन्नाला त्याचं काही नव्हतं.

एकदा एक ऑटो अगदी अंगावर आला. मुन्नाने घाबरून माझा हात दाबला, एकदा, लगेच पुन्हा एकदा. आणि माझं शरीर झेपावलं! महिने उलटे म्हणता येत नव्हते, मुलीच्या वर्गाचं नाव आठवत नव्हतं, पण हाताने ऐकलं. मी ऑटोच्या पुढच्या चाकाजवळ गुडघ्यावर पोचलो होतो. ऑटोवाला ब्रेक मारून खाली उतरला. "भाई साहब, पैर छूने की क्या ज़रूरत है? बैठना है तो बैठ जाओ."

मी हसायला लागलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, डोकं दुखेपर्यंत. वळून बघतो तर मुन्ना फुटपाथवर बसून रडत होता.

"त्या दिवशी पण मीच दाबला होता हात," तो म्हणाला. "रेडर अजून लांब होता, शेखर. मी घाई केली."

"मला काही आठवत नाही बे," मी म्हटलं.

"मले आठवते ना. रोज आठवते."

शब्द तेव्हा तसेही कमीच होते. मी त्याच्या शेजारी बसलो आणि त्याचा हात एकदाच दाबला. एकदा म्हणजे थांब. मग ऑटोवाल्यानेच आम्हाला घरी सोडलं, आणि वाटभर त्याने मागे वळून दोनदा विचारलं की आम्ही सख्खे भाऊ का.

*

शेवटचा किस्सा मैदानावर कोणी सांगत नाही, कारण तो कोणाला माहीत नाही.

खूप दिवस गेले होते. मी बराच सावरलो होतो. पुन्हा मैदानावर उतरायचं की नाही, हे मॅडम त्या दिवशी सांगणार होत्या. मुन्नाची ड्यूटी होती, वैशालीला मुलीच्या शाळेत बोलावलं होतं, धोटेला बंदी. म्हणून बाबा म्हणाले, "मी येतो. त्या डॉक्टरनीला मीच विचारतो, काय झालं होतं म्हणून."

आत ते माझ्या शेजारी बसले, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. मॅडमनी नेहमीचे प्रश्न सुरू केले. "तेज़ रोशनी से अब भी तकलीफ़ होती है?"

"नहीं, अब नहीं," मी म्हणालो.

"होती है," बाबा म्हणाले.

मला वाटलं, टोमणा मारताहेत. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"शोर से?"

"अब कम," मी म्हणालो.

"बहुत," बाबा म्हणाले.

"बिना बात गुस्सा आता है? बाद में बुरा लगता है?"

या वेळी माझ्या आधी बाबाच काठीच्या मुठीकडे बघत म्हणाले, "बाद में बहुत बुरा लगता है."

मॅडमनी खुर्ची माझ्याकडून त्यांच्याकडे वळवली. "बाबूजी, आपको कभी सिर में चोट लगी थी?"

"लगी थी. खेल में. इसके पैदा होने के पहले. हल्दी लगा ली थी."

आमच्या लहानपणी बाबा ड्यूटीवरून आले की आम्ही भावंडं आधी ट्यूबलाइट बंद करायचो. खेळणी उचलून मागच्या अंगणात पळायचो. घरच्या लग्नातही ते बँड वाजू लागला की निघून जायचे, आणि नातेवाईक वर्षानुवर्षं त्यावर बोलायचे. माझ्या भावाला त्यांनी एकदा भांडं पाडल्याबद्दल मारलं होतं आणि त्या दिवशी स्वतः जेवले नव्हते. आई आम्हाला जवळ घेऊन म्हणायची, "त्यांचा स्वभावच तसा आहे रे. स्वभावाले औषध नसते." ती गेली तोवर तेच म्हणत होती.

मॅडम विचारत राहिल्या, बाबा खालच्या आवाजात उत्तरं देत राहिले. रोशनी, आवाज, झोप, राग. माझ्या मैदानावर उतरण्याचं विचारायचं त्या दिवशी राहूनच गेलं. मला ते आठवलंही नाही.

"ये सब उस चोट के बाद शुरू हुआ?" मॅडमनी विचारलं.

बाबा विचारात पडले. मग माझ्याकडे वळले आणि मराठीत, अगदी हळू, म्हणाले,

"म्हणजे, शेखर, तो माझा स्वभाव नव्हता काय रे?"