ताईचं औषध

आमच्या मारेगाव तालुक्यात कीटकनाशकाला कीटकनाशक म्हणणारा माणूस एकच, कृषी खात्याचा. बाकी सगळ्यांसाठी ते औषध. ‘औषध मारून राह्यलो’ म्हणजे कपाशीवर फवारणी चालू आहे. आणि कुणी ‘औषध घेतलं’ म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नसे. त्या वर्षांत हे दोन शब्द दर आठ-पंधरा दिवसांनी कुठून तरी यायचे. मग कुणाची तरी जीप यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याकडं सुटायची, आणि बाया चुली विझवून त्या घरी जाऊन बसायच्या. कुठं बसायचं, कोणी पाणी भरायचं, सगळं ठरून गेलं होतं. इतकी सवय होणं वाईट, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वणीला कॉलेजात जायची आणि लांब पल्ल्याचं पळायची. बाबा पोस्टमन, पाच गावांची डाक सायकलवर वाटायचे. ‘कोणाच्या मागं पळते वो तुमची पोरगी?’ असं लोक त्यांना खवचटपणे विचारत. बाबा म्हणायचे, ‘मागं नाई, सगळ्याच्या पुढं पळते.’ आणि घंटी वाजवत निघून जायचे. एवढा पाठीशी उभा राहणारा बाप आमच्या गावात दुसरा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

पोळ्याच्या आधीच्या एका रविवारी टीव्हीवर जागतिक स्पर्धेतली बायकांची मॅरेथॉन लागली होती. ताई वही-पेन घेऊन पुढ्यातच बसली. कुठल्या तरी परक्या शहरात बाया पळत होत्या आणि ऊन असं होतं की रस्ता पडद्यावर हलताना दिसत होता. वाटेत टेबलं मांडलेली, त्यावर प्रत्येकीची आपापली बाटली. कुणी तिला रिबीन बांधलेली, कुणी कागदाचं फूल चिकटवलेलं. पुढच्या घोळक्यातल्या एकीची बाटली हातातून निसटली. ती वळली नाही, तशीच गेली. ताई हळूच म्हणाली, ‘चुकलं तिचं.’

शेवटी ती बाई मैदानात आली तेव्हा तिचे पाय तिचे राहिले नव्हते. एका अंगाला कलत, आडवी-तिडवी चालत होती. पांढऱ्या टोप्यांची दोन माणसं हात पसरून तिच्या बाजूनं चालत होती, पण धरत कुणीच नव्हतं.

‘अवो धरा ना तिले!’ माय टीव्हीला म्हणाली.

‘हात लावला तर बाद होते, माय,’ ताईनं सांगितलं.

‘होऊ द्या बाद! पायता काय नुसते?’

त्या बाईनं रेघ ओलांडली आणि पडली. एक हात थोडा वेळ उघडमीट होत राहिला. मायनं उठून टीव्ही बंद केला. मला मात्र त्या पांढऱ्या टोप्यांची भीती वाटली, किती दिवस वाटत राहिली.

ताईनं त्या शर्यतीतून एकच गोष्ट उचलली, ती बाटली. दुसऱ्या दिवशी तिनं साखर, मीठ आणि लिंबू पाण्यात ढवळून प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलं आणि गळ्याला लाल रिबीन बांधली. मायनं वास घेऊन विचारलं, ‘हे काय औषध केलं वो?’ झालं, नाव पडलं. मी सकाळी बाबांची सायकल घेऊन ताईच्या मागं जायची आणि ती पळता पळता हात मागं करायची, ‘औषध दे.’ आम्हाला हसू यायचं. मायला यायचं नाही. ‘घरात थो शब्द नोको,’ ती म्हणायची. पण जिभेला हाड नसतं, आणि चार दिवसांनी तीही तेच म्हणायला लागली.

वणी रस्त्यानं तेव्हा दोन्हीकडं फवारणी चालायची. पाठीवर पंप, नाकाला फडकं, गुडघ्यापर्यंत ओली माणसं. वारा पडलेला असला की वास रस्त्यावरच बसून राहायचा. ताई तेवढा टप्पा श्वास रोखून, वेग वाढवून काढायची. एकदा जाताना एक माणूस लिंबाखाली तोंडावर दुपट्टा घेऊन निजलेला दिसला. परत येताना तिथं जीप उभी होती आणि चौघं त्याला उचलत होते. ताई थांबली नाही. पण त्या दिवशी तिनं बाटली मागितली नाही आणि मलाही द्यावीशी वाटली नाही.

तालुक्याच्या शर्यतीत ती पाणी न पिता पळाली, पहिली आली आणि बक्षीस घेताना चक्कर येऊन पडली. मायनं तेव्हापासून अट घातली, औषध घेशील तर जाशील. पुढची शर्यत यवतमाळला, एकवीस किलोमीटरची, जिल्ह्याच्या निवडीची. पहिल्या तिघी राज्याला जाणार होत्या. खेळाचे सर म्हणाले होते, राज्यात चमकलीस तर कुणी तरी हात धरून पुढं नेईल, नाही तर इथंच राहशील. ताईच्या वयाच्या मुलींची लग्नं होत होती. तिच्यापाशी ही एकच वाट होती आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

बाबांना रजा मिळाली नाही, म्हणून सोबत मला धाडलं. एसटीत बसताना मायनं खिडकीतून माझं मनगट धरलं. ‘फोन करजो दुकानात. पयले औषधाचं सांगजो, घेतलं का नाई. नंबराचं मंग सांगजो.’

शर्यत ऑक्टोबरच्या उन्हात झाली. मी यवतमाळबाहेरच्या वळणावर बाटली धरून उभी होते. ताई पाचवी आली, चेहरा मातीच्या रंगाचा. ती बाटली बघतच नव्हती. मला त्या टीव्हीतल्या बाईची आठवण झाली. मी तिच्या बरोबरीनं पळाले आणि ओरडले, ‘ताई, औषध घे!’ कडेचे दोघं-तिघं दचकून बघायला लागले. तिनं बाटली हिसकावली, अर्धी प्यायली, उरलेली डोक्यावर ओतली. पुढच्या अर्ध्या तासात तिनं तिघींना मागं टाकलं. दुसरी आली. यादीत नाव वाचलं तेव्हा तिनं मला उचलून गरगर फिरवलं, तिच्या टाचांतून रक्त येत होतं तरी.

बसस्टँडवर ती पायावर पाणी घेत होती आणि मी नाण्याच्या फोनवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. आमच्या वस्तीला तेवढा एकच फोन. मागं गाड्यांचा गोंगाट. मी मायनं शिकवल्याप्रमाणं मोठ्यानं सांगितलं, ‘काका, मायले सांगा, ताईनं औषध घेतलं!’

पलीकडून काकांनी विचारलं, ‘कवा?’

‘आत्ताच, शर्यतीत. अन्...’ टुक टुक वाजलं आणि फोन तुटला.

आम्ही दिवेलागणीला गावात उतरलो. ताई लंगडत होती, गळ्यात पदक, तोंडात गाणं. पारावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. आमच्या दारासमोर चपलांचा ढीग होता आणि आत बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी वर सांगितलं तशाच, ठरलेल्या जागी. पाणी भरलेलं होतं. चूल विझवलेली होती. शेजारच्या काकूनं ताईला दारात पाहिलं आणि किंचाळली. दुसरीनं उठून तिचे गाल, दंड, पोट चाचपले, जसं बाजारात काही घेताना बघतात. ताई माझ्याकडं बघत राहिली. मग तिला समजलं. तिनं गळ्यातलं पदक काढून मुठीत लपवलं, जणू चोरून आणलं होतं.

माय-बाबा जीप करून केव्हाच यवतमाळला गेले होते. तिथं काय झालं ते मायनं पुढं एकदाच सांगितलं. वॉर्डात ते खाटेखाटेनं फिरले. ताईचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. तेव्हा कुणी तरी म्हणालं, दुपारी एक पोरगी आणली, सोबत कोणी नाही, नाव माहीत नाही, पाहून घ्या. माय बाहेरच थांबली. बाबा एकटे आत गेले. चादरीबाहेर पाय होते, टाचा फुटलेल्या, रक्त सुकलेलं. पळणाऱ्या पोरीचे असतात तसे, किंवा शेतात अनवाणी राबणाऱ्या पोरीचे. बाबांनी चादर वर केली नाही. ते त्या पायांपाशी बसले आणि ‘हे माहीच पोरगी,’ म्हणाले. चेहरा मग दुसऱ्याच कुणी तरी उघडला.

सकाळी ते परतले. ताई अंगणात उभी होती. बाबांनी तिला जवळ घेतलं नाही, रागावलेही नाहीत. खाली बसून तिचे पाय हातानं दाबून पाहिले, आधी एक, मग दुसरा. म्हणाले, ‘मी तुले मेलेली पायली, बाई.’

गावानं आपली गोष्ट तयार केली होतीच. घेतलं होतं, वाचली, आता शर्यतीचं नाव सांगतात. काहून घेतलं असंल, तेही ज्यानं त्यानं ठरवलं. दुकानदार काका तीनदा येऊन रडून गेले, पण उडालेलं पाखरू हाती येत नाही. तरी ताई या सगळ्याला भीक घालणारी नव्हती. बाबांनी बंदी घातली असती तर ती भांडली असती, उपाशी राहिली असती, आणि जिंकलीही असती. बाबांनी बंदी घातली नाही. राज्याच्या फॉर्मवर त्यांनी सही केली. फक्त ती सकाळी पळायला निघाली की ते फाटकाबाहेर रस्त्यावर येऊन उभे राहायचे आणि ती परत येईस्तोवर तिथंच. डाकेची थैली तशीच खांद्याला. आठव्या दिवशी परत येताना मी ताईच्या मागं होते. बाबा रस्त्याच्या कडेला मातीत बसलेले दिसले, हात उघडमीट होत होते. ताई थांबली. तिथंच बूट काढले, हातात घेतले आणि चालत त्यांच्यापाशी गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी त्या नाण्याच्या फोनला शिव्या घातल्या. मीही घातल्या, सगळ्यांहून जास्त. खरी गोष्ट मी मागच्या दिवाळीत ताईला सांगितली, बाबा गेल्यानंतर. फोन तुटला तेव्हा गाडीला पाऊण तास अवकाश होता आणि माझ्याकडं आणखी एक रुपया होता. नंबराचं आता घरी जाऊनच सांगू, मजा येईल, असं मनात आलं आणि त्या रुपयाचा मी बर्फाचा गोळा खाल्ला.

ताई करंज्या तळत होती. तिनं झाऱ्यातली करंजी निथळली, ताटात ठेवली, गॅस बंद केला. मला वाटलं मारेल, आणि मारावं असंच वाटत होतं.

‘राज्यात मी पयली आली असती,’ ती म्हणाली. एवढ्या वर्षांत प्रथमच. ‘माहीत हाये ना तुले?’

‘हो,’ मी म्हटलं.