दिवसा सांगितलेली गोष्ट

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली की आमच्या पाचवीच्या वर्गाला उकडलेल्या शिंगाड्यांचा वास येई. गाव तलावाकाठचे. मुले खिसे भरभरून शिंगाडे आणीत, दातांनी टरफले फोडीत आणि काळी झालेली बोटे वहीला, भिंतीला, शेजाऱ्याच्या सदऱ्याला खुशाल पुशीत. तो मातकट, गोडसर, कोमट गंध आणि खिडकीतून येणारे कार्तिकातले कोवळे ऊन! त्या आठवणीने खरे तर मन प्रसन्न व्हायला हवे. पण मला मात्र आजही तो वास आला की मान खाली घालावीशी वाटते. का, ते आज तुम्हाला सांगून टाकते. इतकी वर्षे कुणाला सांगितले नाही.

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळे निघाले, आणि त्या वाटणीत माझी बदली साकोलीच्या बाजूच्या या लहानशा गावी झाली. मी मोहाडीची, हातमागाच्या खटखटाटात वाढलेली, आणि शिक्षिका म्हणून जरा जास्तच शहाणी. नव्या प्रशिक्षणातून मी नवी विद्या घेऊन आले होते: परीकथेची रचना. कोणतीही परीकथा घ्या, ती पाच चौकोनांत बसते. घर, निघणे, अडचण, मदत, परतणे. हे कळले तेव्हा मला कोण आनंद झाला होता! लहानपणी ऐकलेल्या साऱ्या राजकन्या, साऱ्या राक्षसिणी, बोलणारे सारे पोपट मी त्या चौकोनांत कोंबून पाहिले आणि ते निमूट बसले. कापडाची वीण उसवून धागा हाती यावा, तशी कथेची किल्ली आपल्या हाती आली असे वाटले. धागा हाती येतो तेव्हा कापड उरत नाही, हे विणकराच्या लेकीला तरी सुचायला हवे होते. पण हौसेपुढे अक्कल चालते कुठे?

त्या कार्तिकात माझा आदर्श पाठ ठरला. केंद्रप्रमुख येणार, आसपासच्या शाळांचे गुरुजी मागच्या बाकांवर बसणार. मी फळ्यावर पाच चौकोन आखले, रंगीत खडू काढून ठेवले आणि गोष्ट सांगायला वनिताला उभे केले. वनिता तलावात मासेमारी करणाऱ्यांच्या घरची. अंगाने काटकुळी, आवाजाने मात्र भरलेली. पावसाळ्यात व्हरांड्यात मैत्रिणींना ती सात बहिणींची आणि तलावातल्या मासोळीची गोष्ट सांगत असताना मी चोरून ऐकले होते. संध्याकाळची वेळ होती, मुलींनी हुंकार भरला होता, आणि मी दाराआड उभी राहून घरी जायचे विसरले होते. अशी गोष्ट माझ्या पाठाला लाभली तर आणखी काय हवे!

वनिता उभी राहिली आणि खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहू लागली. मी पुन्हा म्हटले. तेव्हा ती हळूच म्हणाली, “म्याडम, दिवसा कथा नाही सांगत. मामा वाट भुलते.”

मागच्या बाकावरचे गुरुजी हसले. केंद्रप्रमुखांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. माझे कान तापले. खरे सांगू? हे वाक्य मला परके नव्हते. मोहाडीला आमच्या घरीही दिवसा गोष्टीचा हट्ट धरला की आई हेच म्हणायची, आणि मामा घरी येऊन जेवून गेल्याशिवाय मला धीर निघत नसे. पण त्या क्षणी मी ते सारे विसरल्याचे सोंग घेतले. पाहुण्यांना हसू यावे अशा बेताने मी विचारले, “का गं, तुझा मामा आंधळा आहे का, वाट चुकायला?”

वर्ग खो खो हसला. वनिता हसली नाही. तिने एकदा दाराबाहेर पाहिले आणि गोष्ट सांगितली. सारी सांगितली, न थांबता, पाढे म्हटल्यासारखी. हुंकार कुणी दिला नाही. मी चौकोन भरण्यात गर्क होते. पाचव्या चौकोनात मी हिरव्या खडूने ‘परतणे’ लिहिले तेव्हा टाळ्या पडल्या. शेरेबुकात केंद्रप्रमुखांनी ‘पाठ अत्यंत परिणामकारक’ असे लिहिले. परिणाम खरेच झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून वनिता शाळेत आली नाही. आठवडा गेला. मी तिच्या घरी गेले. अंगणात तिची आई फाटलेले जाळे सांधत बसली होती; वनिता भिंतीला टेकून शेजारी. आईने मला बसायला पाट दिला, चहा ठेवला आणि आपणहून बोलू लागली.

“माहा एकुलता भाऊ हाय म्याडम. पोळ्यानंतर कामाले गेला परमुलखात. भाऊबीजेले नाही जमलं, तं गावच्या मंडईच्या जत्रेले येतो म्हनून निरोप धाडला. जत्रा बी गेली, अजून पत्ता नाही. अन् हे पोरगी रोज रडते. म्हनते, मी शाळेत दिवसा कथा सांगतली, म्हनून मामा वाट भुलला. पोळ्यापासून मीच बजावून ठेवलं होतं इले, की दिवसा कथेचं नाव नोको काढू.” मग ती लेकीकडे वळली. “कोनं सांगाले लावली होती वं तुले? सांग ना! काहून सांगतली?”

वनिताने माझ्याकडे पाहिले. एकदाच. मग जमिनीकडे बघत म्हणाली, “कोनी नाही. मीच सांगतली.”

पाहा, एक वाक्य पुरे होते. ‘तिचा दोष नाही, मी सांगायला लावली.’ पाच शब्दांचे, सहा शब्दांचे वाक्य! दहा वर्षांची पोर मला पाठीशी घालत होती आणि मी काय केले? मी चहा प्याले. मग म्हणाले, “शाळेत पाठवा हो तिला, गैरहजेरी लागते.” आणि निघाले.

वाटेत मी स्वतःची समजूत किती सुरेख घातली! मी कबूल केले असते तर अंधश्रद्धेला खतपाणी घातल्यासारखे झाले नसते का? गोष्टीने मामा हरवतो हे मानल्यासारखे झाले नसते का? शिकलेल्या माणसाला भित्रेपणासाठीसुद्धा तात्त्विक अधिष्ठान लागते. प्रश्न मामाच्या वाटेचा नव्हताच. गोष्ट कोणी सांगायला लावली, एवढाच होता, आणि त्याचे खरे उत्तर त्या अंगणात दोघींनाच ठाऊक होते. त्यातली एक लहान होती, म्हणून ती खोटे बोलली. दुसरी मोठी होती, म्हणून गप्प राहिली.

होळीच्या आधी मामा आला. धडधाकट, थोडा काळवंडलेला. मुकादमाने काम संपेपर्यंत कुणाला सोडले नव्हते, एवढेच. वनिता पुन्हा शाळेत आली, पाचवी पास झाली. मी निःश्वास टाकला. परतणे झाले, पाचवा चौकोन भरला, आता कसली रुखरुख? पुढे कितीतरी वर्गांना मी ते चौकोन शिकवले. फक्त गोष्ट मुलांकडून सांगवली नाही. पुस्तकातून वाचून दाखवली. कारण विचारले कुणी, तर वेळ वाचतो म्हणत असे.

निवृत्तीनंतर, गेल्या वर्षी, साकोलीच्या बसथांब्यावर एका बाईने वाकून नमस्कार केला. वनिता. अंगणवाडीत नोकरीला लागली होती, सोबत शाळेच्या गणवेशातली लेक. इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग, का कोण जाणे, ते वाक्य माझ्या तोंडून निघाले. म्हटले, “वनिता, त्या दिवशी तुझ्या आईला मी सांगायला हवं होतं. गोष्ट मी सांगायला लावली होती. माझं चुकलं गं.”

ती लाजून हसली. “अवं म्याडम, कायले मनाले लावून घेता? मामा तं आला ना. अजून हाय, तलावावर जाते.”

मला हायसे वाटले. इतकी वर्षे उगाच ओझे वाहिले, असेही वाटून गेले. मी विचारले, “आणि आई?”

“आई गेली, दोन वर्सं झाले.” तिने लेकीची वेणी सारखी केली. “तिनं मामा आल्यावर बी ते गोष्ट नाही सोडली. म्हने, इच्या पोटात काही राहत नाही. घरातलं काही बोलाचं असलं का मले बाहीर पाठवे. तिची बिमारी बी मले शेवटी शेजारनीकडून समजली, म्याडम.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती.