मुक्या सिनेमाची शेवटची पाटी

आमच्या गावात अजून सांगतात की, जेलातून सुटलेला तो माणूस गावात राहिला नाही, कारण चोराचं मन घरात रमत नाही. हे खोटं आहे. खरं सांगणारा आता मीच उरलो आहे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. देवळीकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या लुटल्याबद्दल त्याला सजा झाली होती. सुटल्यावर तो वर्ध्याच्या एका फिरत्या सिनेमावाल्याचं मशीन हाताने फिरवायचा. बायको गावातच होती. त्याला गावात घ्यायचं की नाही, हे पाटील ठरवणार होते. लुटलेली एक गाडी त्यांचीच होती.

मालकाची विनवणी करून त्याने एक जुना मुका विलायती सिनेमा गावात आणला. त्यातला लुटारू, ज्या गावाला लुटलं त्याच गावासाठी वाळूच्या वादळातून औषध घेऊन येतो. आपल्याला जे बोलता येत नाही ते या चित्राने बोलावं, एवढीच त्याची आशा. मधल्या इंग्रजी पाट्या वाचून सांगायला मी होतो. शाळेतला नवा मास्तर, पाटलांच्या खोलीत राहणारा.

भर दुपारी, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडची दारं लावून खेळ झाला. उजेडाच्या झोतात कापसाचे जुने तंतू तरंगत होते. लुटारूचे ओठ हलायचे आणि आवाज माझा यायचा. मला स्वतःलाच शहारे येत होते.

शेवटी लुटारू एका उंबऱ्याशी थांबला. पाटी आली : 'गावाने त्याला आपलं म्हटलं.'

पाटलांनी पुढच्या खुर्चीवरून विचारलं, "काय लिवलं हो मास्तर? घेतलं का त्याले?"

मी म्हणालो, "नाही. लिहिलंय, चोराला गाव नसतं."

मशीनची टकटक थांबली. "मास्तर," मागून तो म्हणाला, "थे असं नाई लिवलं. वर्ध्याले दोनदा आयकलं म्या."

"तुले इंग्रजी कवापासून याले लागली बे? जेलात शाळा होती काय?" पाटील म्हणाले. सगळी शेड हसली.

थांबलेली फिल्म दिव्याच्या आचेने जळू लागली. लुटारूच्या गालावर तपकिरी डाग पसरला. फिल्म आकसली तसे त्याचे ओठ हलले. या वेळी आवाज नव्हता. हसणं एकदम बंद पडलं.

त्याने पाटीचा तुकडा कापला आणि दाराच्या फटीशी आणून माझ्या हातात दिला. "एक डाव पुन्हा वाचा, मास्तर."

उन्हात अक्षरं मुंगीएवढी, पण स्वच्छ दिसत होती. पाटील बघत होते. मी म्हणालो, "काही दिसत नाही."

त्याने तुकडा परत घेतला, रीळ डब्यात घातलं आणि त्याच दुपारी तो निघून गेला. पुढे विहिरीवर कोणीतरी विषय काढला, तेव्हा चोराचं मन घरात रमत नाही, हे वाक्य पहिल्यांदा मीच बोललो. त्याची बायको तिथेच पाणी भरत होती.