कांद्याचा डबल डोस

आमचे सासरे मनोहरराव रामदासपेठेतल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभे राहून रिटायर झाले. दवाखान्यांच्या शेजारी जन्म काढल्यामुळे आपण अर्धे डॉक्टर आहोत असं त्यांना वाटतं, आणि उरलेले अर्धे सायंटिस्ट. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला फ्रिजच्या मागे हात लावायला सांगितला. "आतून थंडा, मागून गरम. काहून, सांग करिष्मा." मी बँकेत कर्जाचे कागद तपासते बाप्पा, मला काय माहीत. तेव्हापासून माझी शिकवणी सुरू आहे. माठ मे महिन्यात पाणी गार करतो आणि जुलैत कोमट देतो, काहून? भजी टाकल्यावर चर्रर्र आवाज होतो तो तेलाचा की पाण्याचा? उत्तर ऐकेपर्यंत भजी करपतात आणि खापर माझ्यावर फुटतं.

घरात एकाच गोष्टीला त्यांनी कधी मोठ्यानं 'काहून' लावलं नाही, ती म्हणजे सासूबाईंचा कांदा. उन्हाळ्यात बाहेर पडणाऱ्याच्या खिशात आई कांदा घालतात, म्हणजे ऊन लागत नाही. हे आमच्याकडे पुष्कळ घरी चालतं, पण आईंचं वेगळं आहे. त्या लहान असताना उमरेडजवळच्या शेतात त्यांचे वडील ऊन लागून गेले. रोज त्यांच्या खिशात कांदा घालायचं काम आईंचं, आणि नेमक्या त्या सकाळी त्या विसरल्या. म्हणून मे लागला की आईंची झोप उडते. मी कांदा विसरले तर त्या ऑटो करून बँकेत येतात. मॅनेजरसमोर पर्समध्ये कांदा घालून घेताना माझी जी शोभा होते, ती सांगायची सोय नाही.

यंदा नवतपा लागला, म्हणजे ते उन्हाचे नऊ जहरी दिवस, आणि बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला स्वयंपाकघरात गाठलं.

"कांद्यानं काही होत नाही, हे मले तिले दाखवायचं आहे. नाही तर जन्मभर सोताले दोष देत राहीन ते."

"मग सांगा ना तसं."

"सांगून पटते काय? प्रयोग पाहिजे."

प्रयोग असा: भर दुपारी रामटेकचा गड चढायचा. सोबतीला शेजारचे नत्थूजी, धान्याचे व्यापारी, अंगानं भरलेले आणि स्वभावानं भोळे. एकाजवळ कांदा, एकाजवळ नाही, बाकी सगळं सारखं. आईंनी निघताना दोघांच्याही खिशात कांदा घातला. बसस्टँडवर बाबांनी आपला नत्थूजींना देऊन टाकला.

संध्याकाळी ऑटोतून नत्थूजींना धरूनच उतरवावं लागलं. गडावर त्यांना चक्कर आली होती. रामटेकच्या डॉक्टरनं सलाइन लावून त्यांना घरी सोडलं होतं. बाबा मात्र टवटवीत. आईंनी नत्थूजींना दिवाणावर निजवलं, कपाळावर ओला पंचा ठेवला, पन्हं केलं. मग नवऱ्याचे खिसे चाचपले.

"तुमचा कांदा कुठं आहे?"

"त्याच्याजवळ. दोन्ही त्याच्याजवळ, डबल डोस. तरी ऊन त्यालेच लागलं. मी बिनकांद्याचा, मले पाहा."

"बिनकांद्याचे हिंडले तुम्ही?" आई कडाडल्या. मग त्यांनी बाबांच्या कपाळाला हात लावून पाहिला; कपाळ गार होतं.

मी तोवर पिशव्या आवरत होते. बाबांच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, दोन्ही रिकाम्या, आणि डोक्याला बांधायचा ओला दुपट्टा. नत्थूजींची बाटली काठोकाठ भरलेली. काय तर म्हणे, बाकी सगळं सारखं. असला प्रयोग शाळेतल्या पोरांनीही हाणून पाडला असता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नत्थूजीच बोलले.

"अवं वहिनी, मी पाणी तं पेलोच नाही. म्हटलं, कांदा आहे ना..."

बाबांनी पन्ह्याचा चमचा त्यांच्या तोंडात कोंबला आणि माझ्याकडे पाहिलं. सासऱ्याच्या डोळ्यांत एवढी अजिजी मी कधी पाहिली नव्हती. मला भरून आलं. मी बाटली पिशवीत परत टाकली.

आई दिवाणाच्या कडेला बसल्या. "म्हणजे त्या दिवशी मी कांदा घातला असता, तरी माये बाबा गेले असते?"

एरवी बाबांना साध्या उत्तराला अर्धा तास लागतो.

"हाव," ते म्हणाले. "तरी गेले असते."

आई रडल्या, पदर तोंडात धरून रडल्या. "इतके वर्षं मी समजून राहिली होती का मीच मारलं त्याईले."

बाबा नुसते पन्ह्याचा पेला ढवळत बसले.

नत्थूजींनी आईंकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि सावकाश डोळे मिटून घेतले.

"दोन होते, वहिनी," ते म्हणाले. "दोन्ही फालतू निघाले."